रोजच्या वापराला रेट्रो बाईक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोल हेडलाइट आणि गुडघ्याला टेकणारी भरीव टाकी बघितली की गाडी मनात भरते. मग शंका सुरू होतात. रोज कामावर नेता येईल का? पावसात टिकेल का? मागे बसणाऱ्याचं काय? खाली हेच प्रश्न घेतले आहेत. काहींचं उत्तर दोन ओळींत संपतं, काहींना जरा खोलात जावं लागतं.

रेट्रो गाडी आणि जुनी गाडी यात फरक काय?

जुनी गाडी त्या काळात बनलेली असते. रेट्रो गाडी आज बनते, फक्त रूप जुनं घेते. आत फ्युएल इंजेक्शन, सेल्फ स्टार्ट, डिस्क ब्रेक आणि बहुतेक ठिकाणी एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा) असतं. ट्रायम्फ बॉनव्हिल हे याचं चांगलं उदाहरण आहे. मूळ बॉनव्हिल १९५९ सालच्या मॉडेलपासूनची. २००१ मध्ये ते नाव नव्या गाडीवर परत आलं, तेव्हा कार्ब्युरेटरच (हवा आणि पेट्रोल मिसळणारा जुन्या पद्धतीचा भाग) होते. पुढे फ्युएल इंजेक्शन आलं, तेव्हा कंपनीने थ्रॉटल बॉडीला, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या भागाला, मुद्दाम कार्ब्युरेटरचा आकार दिला. २०१६ मध्ये इंजिन लिक्विड कूल्ड (द्रवाने थंड होणारं) झालं, तरी हवेने थंड होण्यासाठी असतात ते सिलिंडरवरचे फिन्स, म्हणजे धातूचे पातळ पदर, ठेवले आणि रेडिएटर चेसिसच्या पुढच्या दोन नळ्यांमध्ये असा बसवला की पटकन नजरेत येत नाही.

काही गाड्यांच्या बाबतीत तर आतली गाडी पूर्णपणे दुसरीच असते. यामाहा एक्सएसआर ७०० म्हणजे एमटी-०७ चं इंजिन आणि चेसिस, वर जुन्या वळणाची टाकी आणि सीट. म्हणून ‘रेट्रो’ एवढ्या एका शब्दावरून गाडी चालवायला कशी असेल ते कळत नाही. इंजिन कोणतं, चाकं कोणती, हँडल किती उंच, हे पाहावं लागतं.

थेट सांगा, रोज चालवता येते का?

येते. माझं मत त्याहून पुढचं आहे: नीट निवडलेली रेट्रो गाडी रोजच्या कामाला आजच्या बऱ्याच टोकदार, वाकून बसायच्या गाड्यांपेक्षा जास्त सोयीची पडते.

कारण साधं आहे. या गाड्या ज्या काळाची नक्कल करतात, त्या काळात एकाच मोटरसायकलवर सगळं भागवावं लागे. कामावर जायचं तीच, सामान आणायचं तीच, लांबच्या गावाला जायचं तीच. त्यामुळे हँडल फार खाली नाही, सीट सपाट आणि लांब, मडगार्ड पुरेसे मोठे, इंजिन खालच्या आरपीएमला ओढणारं, असा आराखडा ठरत गेला. स्पोर्ट्स, टूरर, अ‍ॅडव्हेंचर अशी वाटणी ठळक झाली ती नंतर. रेट्रो गाडी तो जुना आराखडा परत आणते, आणि त्यातला बराचसा भाग रोजच्या वापरासाठीच घडलेला आहे.

अडचणी येतात त्या मुख्यतः तीन ठिकाणी: वजन, ट्यूब असलेली चाकं आणि उघडा धातू. तिन्हींबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

वजन फार असतं म्हणतात. रहदारीत जड जाते का?

चालताना नाही, ढकलताना जाते. हा फरक शोरूममध्ये लक्षात येत नाही.

रॉयल एनफिल्डची २०२१ नंतरची क्लासिक ३५० साधारण १९५ किलोची आहे. होंडाची हायनेस सीबी ३५० जवळपास १८१ किलो. इंटरसेप्टर ६५० पेट्रोल भरून दोनशे किलोच्या बरीच वर जाते. आकडे मोठे वाटतात, पण या गाड्यांचं वजन खाली असतं आणि सीट ८०० मिलिमीटरच्या आसपास, त्यामुळे पाय टेकतात. एकदा गाडी हलली की वजन जाणवेनासं होतं. उलट खड्ड्यांच्या रस्त्यावर आणि जोराच्या आडव्या वाऱ्यात गाडी बसलेली राहते.

खरी परीक्षा पार्किंगमध्ये. उतारावर तोंड खाली करून लावलेली गाडी पायांनी मागे ढकलून बघा. हँडल जरा वळलेलं, एक पाय वाळूवर, शेजारच्या गाडीचा आरसा कोपराला लागतोय, आणि गाडी इंचभर मागे येऊन पुन्हा पुढे घरंगळते. हे रोज दोनदा करायचं असेल तर तेवढ्या एका गोष्टीचा कंटाळा येऊन गाडी घरी राहू लागते. उपाय सवयीचा आहे. गाडी नेहमी अशी लावा की निघताना पुढेच जायचं असेल. उतार असेल तर मागचं चाक उताराच्या खालच्या बाजूला ठेवा आणि गिअरमध्ये लावा. घरची जागाच अरुंद आणि उताराची असेल, तर १७०-१८० किलोची गाडी आणि २१५ किलोची गाडी यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. तिथे हलकी घ्या, मन कितीही दुसरीकडे ओढत असलं तरी.

पाठ, मनगटं, क्लचचा हात यांचं काय?

सरळ बसायची ढब पाठीला चांगली. पण पूर्ण ताठ बसलं की खड्ड्याचा दणका थेट कण्यातून वर जातो, आणि अनेक रेट्रो गाड्यांचे मागचे दोन शॉक अ‍ॅब्सॉर्बर आखूड पल्ल्याचे असतात. म्हणून प्रीलोडची (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची याची) सेटिंग स्वतःच्या वजनाप्रमाणे करून घ्या. गाडी कारखान्यातून ज्या खाचेवर येते, ती बऱ्याच जणांना कडक पडते किंवा मऊ, आणि वर्षानुवर्षं तिला कोणी हात लावत नाही.

क्लचबद्दल पूर्वीची तक्रार खरी होती. आता अनेक मॉडेलांत असिस्ट-स्लिपर क्लच (लिव्हर हलका करणारी क्लचची रचना) आलाय आणि लिव्हर दोन बोटांनी दबतो. टेस्ट राइडला मोकळ्या रस्त्यावर जाऊ नका, गर्दीत जा आणि पंधरा मिनिटं पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच काढा. डावा हात भरून आला तर ती गाडी तुमची नाही.

एअर कूल्ड इंजिन सिग्नलला तापत नाही का?

तापतं. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला हवा हलती लागते, आणि सिग्नलला हवा हलत नाही. पण किती तापतं हे इंजिनाच्या आकारावर आणि त्याच्याकडून किती ताकद काढली आहे यावर ठरतं. ३५० सीसीतून २० बीएचपी (इंजिनाच्या ताकदीचं माप) काढणाऱ्या निवांत सिंगल सिलिंडरला रहदारीचं फारसं काही वाटत नाही. त्याच रहदारीत मोठं एअर-ऑइल कूल्ड ट्विन, म्हणजे बीएमडब्ल्यू आर नाइनटीसारखं ११७० सीसीचं इंजिन, पायांना चांगलंच जाणवतं.

लिक्विड कूल्ड घेतली म्हणजे प्रश्न मिटला असंही नाही. इंजिनाचं तापमान ताब्यात राहतं, पण पंखा सुरू झाला की ती गरम हवा कुठेतरी जाणारच. काही गाड्यांत ती बाजूला जाते, काहींत थेट नडगीवर येते. शिवाय आजकाल धुरातलं प्रदूषण कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर इंजिनाजवळ असतो आणि तो स्वतः भरपूर तापतो.

ऑइलच्या बाबतीत काटकसर करू नका. मॅन्युअलमध्ये दिलेला ग्रेडच वापरा आणि पातळी दर पंधरवड्याला बघा. एअर कूल्ड इंजिनात कूलिंगचं बरंचसं काम ऑइलच करतं. लांबच्या सिग्नलला गाडी बंद करणं हा सगळ्यात सोपा उपाय, आणि इंजेक्शनच्या गाडीला त्याने काहीही होत नाही.

ताकद कमी असते. हायवेला मागे पडते का?

कोणत्या हायवेला आणि किती वेगाने, त्यावर आहे. आकडे बघताना बीएचपीच्या शेजारी टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, बघायला शिका. क्लासिक ३५० ला २० बीएचपी आहेत, पण २७ न्यूटन मीटर टॉर्क ४००० आरपीएमलाच मिळतो. होंडा हायनेस सीबी ३५० ला ३० न्यूटन मीटर आणि तोही ३००० आरपीएमला. शहरात आपण गाडी याच पट्ट्यात चालवतो. म्हणून या गाड्या रहदारीत बीएचपीच्या आकड्यावरून वाटतील त्यापेक्षा खूप चपळ असतात, आणि दर मिनिटाला गिअर पाडावा लागत नाही.

मोकळ्या रस्त्यावर गणित बदलतं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्याला लागणारी ताकद घनाने. ८० वरून १०० ला जायचं तर हवेशी झगडायला जवळजवळ दुप्पट ताकद लागते. ३५० सीसीची रेट्रो ८०-९० ला खुशीत चालते. १०० च्या वर ती चालते, पण तिच्याकडे ओव्हरटेकसाठी काही शिल्लक राहत नाही. रोजचा प्रवास वेगवान महामार्गावरून असेल तर ४०० ते ६५० सीसीत बघा. ट्रायम्फ स्पीड ४०० लिक्विड कूल्ड आहे, ४० पीएसची (बीएचपीच्या जवळपास सारखंच माप) आहे आणि वजनाला १७० किलोच्या आसपास. इंटरसेप्टर ६५० ला ४७ बीएचपी आणि ५२ न्यूटन मीटर. या दोन्हींना १०० चा वेग धरून ठेवायला धाप लागत नाही.

त्या वेगात इंजिनाआधी चालवणारा थकतो. समोर काच नसते, वारा सरळ छातीवर येतो आणि मान धरते. एक छोटी फ्लायस्क्रीन लावली तरी छातीवरचा दाब कमी होतो, मात्र ती हेल्मेटवर घुमणारा वारा फेकत नाही ना, हे चालवून बघा.

थरथर खूप होते का?

पूर्वी होत असे. आता बॅलन्सर शाफ्टमुळे, म्हणजे थरथर मारण्यासाठी इंजिनात फिरणाऱ्या वजनदार दांड्यामुळे, फार फरक पडलाय. ३५० च्या नव्या सिंगल सिलिंडर इंजिनांत तो असतो, आणि ट्विनमध्ये (दोन सिलिंडरच्या इंजिनात) २७० अंशांचा क्रँक, म्हणजे दोन पिस्टन ठरावीक अंतराने वर-खाली होतील अशी रचना, वापरल्याने आवाज घुमतो पण हाताला मुंग्या येत नाहीत. तरी प्रत्येक गाडीचा एक वेग असतो जिथे फुटरेस्ट किंवा आरसे थरथरायला लागतात. तो वेग तुमच्या रोजच्या रस्त्याचा वेग नसावा, एवढंच बघा.

स्पोकची चाकं घ्यावीत की अलॉय?

रोजच्या वापराला अलॉय. यात मला शंका नाही.

स्पोकचं चाक दिसतं सुंदर आणि दणका सहन करतं, हे खरं. रिम वाकलं तर सरळही करता येतं. पण स्पोकची निपल्स (टोकाला आवळायची छोटी नटं) रिममधून आरपार जातात, त्यामुळे हवा धरायला बहुतेक गाड्यांत आत ट्यूब लागते. ट्यूबचं पंक्चर म्हणजे हवा भसकन जाते. टायर मोकळा पडतो, गाडी मागून नागमोडी होते, आणि ते मागचं चाक असेल तर दोनशे किलोची गाडी बाजूला घेईपर्यंत घाम फुटतो. पुढे चाक खोलणं आलं: एक्सलचं नट, चेन सैल करणं, ब्रेक सोडवणं. आणि यातल्या अनेक गाड्यांना मेन स्टँड नसतो, म्हणजे चाक उचलायचं तरी कशावर! ट्यूबलेसमध्ये खिळा घुसला तरी हवा सहसा हळूहळू जाते, चाक न काढता जागेवर प्लग बसतो आणि पंधरा मिनिटांत तुम्ही परत रस्त्यावर.

स्पोकचीच ओढ असेल तर दोन वाटा आहेत. एक, ट्यूबलेस स्पोक व्हील. ट्रायम्फ स्क्रॅम्बलर १२०० सारख्या काही गाड्यांना ती मुळातच मिळते. दोन, अलॉय चाक पण स्पोकचा भास देणारं. कावासाकी झेड ९०० आरएस १९७२ च्या झेड १ वरून घेतली आहे, तिची चाकं ओतीव आहेत, पण काड्या इतक्या बारीक ठेवल्या आहेत की दुरून स्पोकच वाटावेत.

आणि स्पोक घेतलेच, तर त्यांच्याकडे लक्ष द्या. चाक उचलून फिरवायचं आणि छोट्या पान्याने एकेका स्पोकला हलकं टिचकवायचं. घट्ट स्पोक ‘टिंग’ असा वाजतो. सैल असेल तर ‘थप्प’ असा मेलेला आवाज येतो. एक सैल स्पोक शेजारच्या दोघांवर भार टाकतो आणि मग ते सैल होतात, म्हणून पहिला मिळाला तेव्हाच चाक ट्रू (स्पोक आवळून सरळ) करून घ्या.

ब्रेक पुरेसे असतात का?

पुढे डिस्क आणि किमान पुढच्या चाकाला एबीएस, एवढं हवंच. दोन्ही चाकांना एबीएस असलेलं मॉडेल मिळत असेल तर तेच घ्या. मागचा ड्रम ब्रेक स्वतः वाईट नसतो, पण पाण्यातून गेल्यावर काही क्षण पकडत नाही आणि वरचेवर अ‍ॅडजस्ट करावा लागतो.

जड गाडीला पुढे एकच डिस्क असते तेव्हा लिव्हर जरा जोराने दाबावा लागतो. सवय होते. टायर मात्र दुर्लक्षू नका. जुनं रूप राखायला काही कंपन्या १९ आणि १८ इंची, अरुंद टायर देतात. कोरड्यावर ते छान, गाडी सरळ धरून ठेवतात. ओल्या रस्त्यावर चांगल्या रबराचा संच लगेच वेगळा कळतो. मूळ टायर झिजले की त्याच मापात पावसाला चांगला असलेला टायर शोधा. ब्रेकमध्ये कोणताही बदल करण्याआधी हा खर्च करावा.

डबलसीट जाता येतं का?

सपाट, लांब सीट असेल तर उत्तम जाता येतं, आजच्या स्पोर्टी गाड्यांपेक्षा नक्कीच बरं. मागच्या माणसाचे गुडघे पोटाशी येत नाहीत आणि तो आभाळात बसल्यासारखा उंचही जात नाही. धरायला मागे दांडी आहे का ते बघा. सिंगल सीटची बॉबर (ठेंगणी, मागचा भाग छाटलेल्या वळणाची गाडी) घेतलीत तर हा प्रश्न तिथेच संपला.

सामान कुठे ठेवायचं?

बहुतेक गाड्यांत कुठेच नाही. सीटखाली कागदपत्रं आणि चार पाने मावले तरी नशीब. पण रेट्रो गाडीचा एक मोठा फायदा असा की मागची चेसिस सरळ आणि मडगार्ड धातूचं असतं, त्यामुळे कॅरिअर किंवा बाजूची बॅग लावायला जागा मिळते आणि ती शोभतेही. एका बाजूची मऊ बॅग रोजचा डबा, रेनकोट आणि लॅपटॉप सहज नेते. बॅग सायलेन्सरच्या विरुद्ध बाजूला लावा, आणि आतून आधाराची पट्टी नक्की बसवा, नाहीतर तिचा कोपरा कधीतरी चाकात जाईल.

टँक बॅग घ्यायची तर चुंबकाची घेण्याआधी टाकी लोखंडाची आहे का ते पाहा. रेट्रोत बहुधा असतेच. चुंबकाखाली बारीक धूळ अडकली की रंगावर चरे पडतात, म्हणून लावण्याआधी टाकी पुसायची.

पावसात आणि दमट हवेत टिकते का? क्रोम गंजत नाही का?

टिकते, पण हाताचं काम मागते. आधुनिक प्लॅस्टिकची गाडी महिनाभर न धुता चालवलीत तर फक्त घाण दिसते. क्रोमची गाडी महिनाभर न धुता चालवलीत तर तिच्यावर ठिपके पडतात, आणि ते परत जात नाहीत.

क्रोमचा थर अतिशय पातळ असतो आणि त्याला सूक्ष्म छिद्रं असतात. पाणी, त्यातही मीठ असलेलं, त्यातून खाली उतरतं आणि लोखंडापर्यंत पोचलं की गंज आतून वर फुटतो. म्हणजे आपल्याला ठिपका दिसतो तेव्हा काम आधीच सुरू झालेलं असतं. सगळ्यात आधी कुठे फुटतो? स्पोक जिथे निपलमध्ये शिरतो तिथे. मडगार्डच्या आतल्या वळलेल्या कडेला, जिथे चिखल साचून ओला राहतो. सायलेन्सरच्या खालच्या बाजूला, जी कधी पुसलीच जात नाही. हँडलवर स्विचच्या केसिंगखाली. आरशाच्या दांडीच्या पेचाशी.

काम मोठं नाही, नियमित आहे. पावसातून आल्यावर साध्या पाण्याने चिखल काढायचा, कापडाने कोरडं करायचं. पंधरा दिवसांतून एकदा क्रोमवर मेण. मडगार्डच्या आत आणि दिसत नसलेल्या नट-बोल्टवर गंजरोधक स्प्रे. प्रेशरने धुताना चाकाच्या बेअरिंगवर, चेनवर आणि स्विचवर धार मारायची नाही. गाडी ओली असताना कव्हर घालू नका, आतली वाफ कोंडून गंज वाढतो.

हे करायची इच्छा नसेल तर त्यात काही वावगं नाही, फक्त मग क्रोमऐवजी काळ्या किंवा रंगवलेल्या भागांचं मॉडेल निवडा. बऱ्याच कंपन्या तीच गाडी दोन्ही रूपांत देतात. समुद्राजवळ राहणाऱ्यांना माझा सल्ला हाच राहील.

मडगार्डचा दुसराही मुद्दा आहे. पुढचं लांब मडगार्ड इंजिनावर आणि बुटांवर येणारं पाणी अडवतं. आखूड करून घेतलेलं मडगार्ड पावसात पहिल्याच दिवशी आपली किंमत सांगतं.

अ‍ॅव्हरेज आणि टाकीचं काय?

३५० च्या निवांत इंजिनांचं अ‍ॅव्हरेज चांगलं असतं, पण छोट्या १२५-१५० च्या गाडीशी तुलना करू नका. टाकी बघायला मोठी वाटते, मावतं किती ते कागदावर वाचा. क्लासिक ३५० मध्ये १३ लिटर, हायनेस सीबी ३५० मध्ये १५, झेड ९०० आरएसमध्ये १७, आणि मोटो गुझी व्ही ७ मध्ये तब्बल २१. रोजच्या वापरात टाकी मोठी म्हणजे पंपावरच्या खेपा कमी, आणि त्या सोयीची सवय लवकर लागते.

देखभाल जास्त लागते का?

इंजिनापुरतं म्हणाल तर कमी लागते. खालच्या आरपीएमवर चालणारं, कमी ताणाचं इंजिन टिकतं. सर्व्हिसिंगचं अंतर मात्र मॉडेलप्रमाणे खूप बदलतं. ट्रायम्फच्या बॉनव्हिल मालिकेत आणि स्पीड ४०० मध्ये ते १६,००० किलोमीटरपर्यंत आहे, मात्र वर्षातून एकदा तरी गाडी दाखवायची असते.

रोजचं काम चेनचं. दर ५०० किलोमीटरच्या आसपास साफ करून ल्यूब मारायची, पावसात त्याहून लवकर. हे नकोच असेल तर शाफ्ट ड्राइव्हची, म्हणजे चेनऐवजी दांड्याने चाक फिरवणारी, गाडी बघा. मोटो गुझी व्ही ७ आणि बीएमडब्ल्यू आर नाइनटी दोन्हींना शाफ्ट आहे, आणि रोज लांबचा प्रवास करणाऱ्याला ती मोठी मोकळीक आहे.

घेण्याआधी एक गोष्ट जरूर विचारा: क्लच केबल, ब्रेक पॅड, इंडिकेटर आणि लिव्हर हे चार भाग सर्व्हिस सेंटरला आत्ता, हातात आहेत का? इंजिनाचे भाग क्वचित लागतात. गाडी उभी राहते ती या चार वस्तूंवाचून.

किक नसेल तर अडतं का?

इंजेक्शनच्या गाडीला बॅटरी पूर्ण संपल्यावर किकचा तसाही उपयोग मर्यादित असतो, कारण फ्युएल पंपाला आणि ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या छोट्या संगणकाला) वीज लागते. बॅटरी वेळेवर बदलणं हाच उपाय.

किकचं सुख ज्यांना हवं त्यांच्यासाठी यामाहा एसआर ४०० होती. १९७८ मध्ये आली, २०२१ मध्ये जपानात तिची शेवटची आवृत्ती निघाली, आणि तिला शेवटपर्यंत सेल्फ दिला नाही. चालू करायची रीत अशी: डावीकडचा डीकॉम्प्रेशन लिव्हर (सिलिंडरमधला दाब सोडणारा) दाबून किक हळू खाली न्यायची, सिलिंडर हेडवरच्या इवल्याशा काचेत खूण आली की लिव्हर सोडायचा, किक वर येऊ द्यायची आणि मग एकदाच, पूर्ण, न घाबरता मारायची. इंजिन पहिल्या फटक्याला जागं होतं तेव्हा फार छान वाटतं. पण सिग्नलला बंद पडली आणि मागे रांग हॉर्न वाजवतेय, तेव्हाही हेच सगळं करावं लागतं. रोजच्या गाडीला सेल्फ हवा.

कॅफे रेसर, स्क्रॅम्बलर, बॉबर यांतली रोजसाठी कोणती?

यांपैकी कोणतीही नाही. साधी ‘स्टँडर्ड’ ढबीची रोडस्टर घ्या.

कॅफे रेसरचे खाली लावलेले हँडल वेगात बरे वाटतात, कारण वारा छातीला थोडं उचलून धरतो. रहदारीत तो वारा नसतो आणि सगळा भार मनगटांवर येतो. इंटरसेप्टर आणि कॉन्टिनेंटल जीटी यांचं ६५० चं इंजिन एकच आहे, पण दोन्ही पाठोपाठ अर्धा तास गर्दीत चालवा, फरक अंगाला कळेल.

स्क्रॅम्बलर खराब रस्त्याला चांगली. रुंद हँडल, उंच बसणं, जास्त पल्ल्याचं सस्पेन्शन. फक्त वर नेलेला सायलेन्सर असेल तर मांडीला धग लागते, आणि मागे बसणाऱ्याला तर जास्तच. रस्ते फार खराब असतील आणि सायलेन्सर खाली असेल तर स्क्रॅम्बलरचा विचार जरूर करा. डुकाटी स्क्रॅम्बलर त्यातली बघण्यासारखी आहे.

बॉबर दुसरी गाडी म्हणून.

नवशिक्याने रेट्रो घ्यावी का?

हो, ३५०-४०० पर्यंतची. ताकद अंगावर येत नाही, टॉर्क खाली असल्याने गाडी पटकन बंद पडत नाही, सीट खाली असते. वजनाची सवय मात्र रिकाम्या मैदानात करून घ्यावी. तोल गेला की एका मर्यादेपर्यंतच गाडी सावरता येते, त्या पुढे तिला जाऊ द्यायचं असतं. पाठीपेक्षा लिव्हर स्वस्त.

९०० च्या वरच्या रेट्रो दिसायला सौम्य असतात. झेड ९०० आरएस जुन्या काळची वाटते, पण तिच्यात ९४८ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन आहे आणि शंभराहून जास्त अश्वशक्ती. तिच्या रूपावर जाऊन पहिली गाडी म्हणून घेऊ नये.

गाडीत कोणते बदल करावेत, कोणते टाळावेत?

रोज चालवायची असेल तर पैसे आधी सीटवर, मग टायरवर, मग क्रॅश गार्ड आणि मेन स्टँडवर घाला. हेडलाइट अपुरा असेल तर चांगला बसवून घ्या. गोल हेडलाइटचं एक बरं असतं, माप प्रचलित असलं तर पर्याय भरपूर मिळतात.

टाळायचे तीन. मोकळा सायलेन्सर: पहिले दोन दिवस मजा, मग सकाळी सहाला गल्लीतून निघताना शेजाऱ्यांची झोप मोडते, आणि इंजेक्शनचं मॅपिंग (कधी किती पेट्रोल सोडायचं याचं ठरवलेलं गणित) बिघडतं ते वेगळंच. हँडलच्या टोकाला लावायचे आरसे: गाडीची रुंदी वाढते आणि रहदारीत पहिला धक्का त्यांनाच बसतो. मागचं मडगार्ड कापणं: पाठीवर चिखलाची रेघ आणि मागच्या चालकाच्या काचेवर तुमचं पाणी.

खरीखुरी जुनी गाडी रोज चालवली तर?

चालवणारे आहेत, आणि त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण त्या गाडीसोबत इग्निशनचे पॉइंट (ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क) साफ करणं, ऑइलचे थेंब पुसणं, ड्रम ब्रेकचं अंतर ओळखून आधीच थांबणं हे सगळं येतं. आजचं इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या रबरी नळ्या आणि कार्ब्युरेटरमधले सील खातं, ते बदलून घ्यावे लागतात. आणि ठरल्या वेळेला पोचायचंच असेल तर हाताशी दुसरं वाहन हवं. ती गाडी रविवारी काढा, तिचाही जीव राहील.

टेस्ट राइडला नेमकं काय बघू?

थंड इंजिन मागा. आधीच गरम करून ठेवलेली गाडी पहिल्या स्टार्टला कशी वागते ते लपवते. मग बंद गाडी दहा पावलं मागे ढकला. गर्दीतून चालवा, एक यू टर्न पाय न टेकता घ्या, एका खराब पट्ट्यावरून नेहमीच्या वेगाने जा. मागे कोणाला तरी बसवा आणि उतरल्यावर त्याला विचारा. आरशात मागचं दिसतं की नुसते आपले खांदे, ते बघा. ऊन असेल तर मीटर वाचता येतो का तेही. गोल अ‍ॅनालॉग मीटरमधल्या चिमुकल्या डिजिटल पट्टीत पेट्रोलचा काटा शोधावा लागतो, आणि तो काही गाड्यांत उन्हात दिसतच नाही.

शेवटी इंजिन बंद करून, पाच मिनिटं सीटवरच बसून राहा. धग पायांना किती येते ते तेव्हा कळतं.